माहिती पुरेशी आहे का?

कमलला गणित आवडत नव्हतं. तिला माझी उत्तरं मोडायला आवडायचं. दिग्रसला तिचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं. तिच्या वडिलांची पऱ्हाटीची शेती, आणि वेचणीच्या दिवसांत त्यांच्या घराची समोरची खोली कापसानं थेट आढ्यापर्यंत भरलेली असायची. गाड्या भरून बाजारात जाईपर्यंत त्या घरात पाहुण्यालासुद्धा बसायला जागा नसे. आम्ही दोघी पाटी-पुस्तकं घेऊन त्या ढिगावर चढायचो. बसलं की कमरेपर्यंत आत. थंडीत पाठीला अशी ऊब लागायची की मी पुढे कितीतरी गाद्यांवर झोपले असेन, पण तसं मऊ काही मिळालं नाही. नाकात तंतू जायचे, शिंकांवर शिंका यायच्या, आणि खालून काकू, म्हणजे कमलची आई, ओरडायच्या, “अवं पोट्ट्याहो, कापूस दबून राह्यला ना! उतरा खाली!” आम्ही उतरायचो नाही. मग थोड्या वेळानं त्याच काकू तुरीच्या उकडलेल्या शेंगांची परात वर सरकवायच्या. मीठ घालून उकडलेल्या त्या शेंगा सोलत, टरफलं ओच्यात गोळा करत, मी उदाहरणं सोडवायची आणि कमल समोर आडवी पडून माझ्या उत्तराची वाट पाहायची, मांजर उंदराची पाहते तशी.

आमचं घर तिच्यापेक्षा लहान, पण आवाजानं मोठं. माझे अब्बा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनमध्ये फिटर होते. करीम मिस्त्री म्हटलं की गावात सगळ्यांना ठाऊक. हंगाम सुरू झाला की जिन दिवसरात्र चालायचं, आणि त्या घरघरीत आम्ही भावंडं इतकी गाढ झोपायचो, की एखाद वेळी यंत्र बंद पडलं तर त्या शांततेनं दचकून जाग यायची. अब्बा घरी यायचे ते भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळीवर रुई घेऊन. यंत्रांत जन्म गेल्यामुळे ते ओरडूनच बोलत. त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही टिकत नसे. अब्बांनी अम्मीच्या कानात सांगितलेली गोष्टसुद्धा समोरच्या सायकलवाल्यापर्यंत पोचायची. अम्मी मात्र हळू बोलायची. इतकं हळू, की ऐकायचं तर आपल्याला जवळ जावं लागे, आणि जवळ गेलं की ऐकावंच लागे. घरात आम्ही वऱ्हाडी आणि हिंदी अशी मिसळून बोलायचो, भाकरी आणि डाळ-मटणाचा दालचा एका ताटात असावा तशी. मी ते इथे बहुतेक वऱ्हाडीतच लिहिते, कारण आता मला ते तसंच ऐकू येतं.

मॅट्रिकच्या वर्गात आम्हाला मानकर सर आले. ते आर्णीचे, तरुण, उंच, आणि शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बीजगणित घेणाऱ्या मुली आम्ही दोघीच. कमलनं ते घेतलं होतं फक्त मी घेतलं म्हणून. सरांनी एके दिवशी फळ्यावर लिहिलं: “क्षचा वर्ग क्षपेक्षा मोठा आहे का?” त्याच्याखाली लिहिलं: “माहिती: क्ष ही धन संख्या आहे.” आणि मागे वळून म्हणाले, “क्ष किती, ते मला नको आहे. एवढीच माहिती दिली तर या प्रश्नाचं पक्कं उत्तर देता येतं का, ते सांगा. माहिती पुरेशी आहे का अपुरी?”

आजवर आम्हाला कुणी उत्तर नको असलेलं गणित घातलं नव्हतं. मी वहीच्या कोपऱ्यात घाईघाईनं आकडे घातले. दोनचा वर्ग चार, मोठा. तीनचा नऊ, मोठा. दहाचा शंभर, फारच मोठा. मी हात वर केला आणि उठून, अगदी अब्बांच्या आवाजात म्हणाले, “पुरेशी आहे, सर. दोन घ्या, तीन घ्या, दहा घ्या, वर्ग मोठाच असतो.”

सर काही बोलायच्या आत माझ्या शेजारी बसलेली कमल बसल्या जागेवरून म्हणाली, “अन् अर्धा?”

“अर्धा काय?” मी विचारलं.

“अर्धा घाल ना वं. अर्ध्याचा वर्ग पाव. पाव अर्ध्याहून मोठा असते काय?”

मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी खडू कमलपुढे धरला आणि तिनं फळ्यावर जाऊन पाव लिहिलं, अर्धा लिहिला आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. सर म्हणाले, “रशीदा, तू तीन आकडे घातलेस, पण तिन्ही एकाच मोहल्ल्यातले. दोन, तीन, दहा, सगळे एकाच्या पलीकडचे. एक आकडा ‘हो’ म्हणाला आणि दुसरा ‘नाही’ म्हणाला, की माहिती अपुरी. ‘नाही’ म्हणणारा कुठे राहतो, त्याला शोधायला जायचं.”

मला राग आला नाही. आता आठवतं तेव्हाही आश्चर्य वाटतं, पण खरंच आला नाही. मला गंमत वाटली, आणि घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललेलं: आणखी कोण कोण कुठे राहतं? शून्य आहे. एक आहे. शून्य आणि एकाच्या मधले सगळे अपूर्णांक आहेत. आणि शून्याच्या डावीकडे, ऋण संख्यांची सगळी वस्ती आहे, जिकडे मी तोवर फिरकलेच नव्हते.

त्या हिवाळ्यात आमचा खेळच तो झाला. सर रोज एकेक प्रश्न द्यायचे, कधी एक माहिती, कधी दोन. पहिली एकटी पुरेल का? दुसरी एकटी पुरेल का? दोन्ही मिळून पुरतील का? शाळा सुटली की आम्ही कापसाच्या ढिगावर. मी म्हणायची, पुरेशी. कमल म्हणायची, थांब. “अ हा बपेक्षा मोठा आहे, तर अचा वर्ग बच्या वर्गापेक्षा मोठा का?” मी तीन आणि दोन घातले, नऊ आणि चार आले, आणि मी शेंग सोलायला घेतली. कमल म्हणाली, “दोन अन् उणे तीन घाल.” घातले. दोन हे उणे तीनपेक्षा मोठे, पण वर्ग चार आणि नऊ. मोडलं. दोन्ही संख्या धन आहेत अशी दुसरी माहिती जोडली, तेव्हा कुठे कमल बराच वेळ गुडघ्यावर हनुवटी ठेवून विचार करत राहिली आणि शेवटी म्हणाली, “हे नाही मोडत. घे, पुरेशी.” तिनं हार मानली की मला पेपर सुटल्यासारखं हलकं वाटायचं.

“तुले एवढं येते, तर तूच काहून सोडवत नाहीस?” मी एकदा तिला विचारलं.

“सोडवाचा मले कंटाळा येते,” ती म्हणाली. “तू बांध, मी पाडतो.” वऱ्हाडात बायाही ‘मी जातो, मी करतो’ असंच म्हणतात, कमल तर नेहमीच.

मी तिच्यामुळे हुशार झाले, हे सरळ लिहून टाकते. आकडे घालायला कुणीही शिकतं. माझ्या शेजारची एक मुलगी हल्ली बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते, तिच्या जाड पुस्तकात या प्रकाराला डेटा सफिशियन्सी म्हणतात. क्लासवाल्यांनी तिला एक ओळ पाठ करून घेतलीय: शून्य, एक, अपूर्णांक, ऋण. ती ओळ बरोबर आहे. पण ती मुलगी आकडे घालते ते आपलं उत्तर खरं ठरवायला. मी तिला म्हणते, बाई गं, खोटं ठरवायला घाल. आपल्याला जे हवंय त्याच्या विरोधात जाणारा आकडा शोध. ती मान हलवते आणि पुन्हा दोन घालते. दोन हा फार गोड स्वभावाचा आकडा आहे, कुणालाच दुखवत नाही.

घरी मी भाकरी थापतानासुद्धा पुटपुटायची. उणे अर्ध्याचा वर्ग धन पाव, मोठा. उणे अर्ध्याचा घन उणे अष्टमांश, तोही मोठा. अम्मी चुलीपाशी बसून ऐकायची. एकदा ती म्हणाली, “हे काय पढून राह्यली तू? वजीफा हाय का?” वजीफा, म्हणजे रोज पुटपुटत करायचा जप.

“गणित हाय, अम्मी.”

“मंग भाकर काहून जाळून राह्यली?”

भाकर खरंच जळत होती. अम्मीनं ती हातानं उलटली, फुगवली आणि माझ्या लहान भावाच्या ताटात टाकली. तिला माझ्या शिकण्याचा राग नव्हता. तिचं म्हणणं एवढंच, की मॅट्रिक झाली की बस. आणि त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर पुसदहून माझ्यासाठी विचारणा आली. मुलाचं मोटारदुरुस्तीचं दुकान, स्वभावानं गरीब, घर आपल्यातलंच. मुलाच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, मला एका लग्नात पाहिलं होतं. मंडळी परीक्षा झाल्यावर पक्कं करायला येणार होती. अब्बांना मुलगा पसंत होता, कारण त्याला यंत्रातलं कळत होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

परीक्षा संपली त्याच आठवड्यात मानकर सर आमच्या घरी आले. अम्मी पडद्यामागे गेली. अब्बांनी सरांना खाटेवर बसवलं, पन्हं मागवलं. सर म्हणाले, यवतमाळच्या कॉलेजात गणित-विज्ञान शिकणाऱ्या मुलीसाठी एक जागा आहे. फी नाही, वसतिगृहात राहणं-जेवण त्यांच्याकडे. जिल्ह्यातून मुली येतील. लेखी परीक्षा आणि लगेच तोंडी. “रशीदाला पाठवा. तिला ती जागा मिळेल असं मला वाटतं.”

“जागा एकच हाय?” अब्बांनी विचारलं, म्हणजे सगळ्या गल्लीला विचारलं.

“एकच.”

पडद्यामागून अम्मीचा आवाज आला. सर ऐकायला जरा पुढे झुकले. “जाऊ द्या तिले,” अम्मी म्हणाली. “एवढ्या पोरी येतीन, जागा एक. तिच्या मनात राहाले नको.”

म्हणजे अम्मीनं मला जाऊ दिलं ते मी निवडली जाणार नाही या भरवशावर. हे मला तिथेच कळलं, आणि मी खांबाला टेकून उभी होते ती सरळ झाले. एवढ्या पोरी येतील, जागा एक, यावरून मी निवडली जाणार नाही असं ठरतं का? ही माहिती अपुरी होती. मी सरांना पन्हं देताना हळूच म्हणाले, “सर, मी जातेय.”

कमल एसटीवर पोचवायला आली होती. तिचंही लग्न ठरत आलं होतं, दारव्ह्याला, आणि ती त्यावर खूश होती. तिला नवरा पाहून आवडला होता. तिनं खिडकीतून माझ्या हातात वाटीभर भाजलेले चिंचोके दिले आणि म्हणाली, “तठी मी नाही. तुह्यं तूच मोडजो.”

“कसं?”

“मी काय म्हनलो असतो, थे विचार कर. अन् मंगच हात वर कर.”

अब्बा माझ्याबरोबर आले होते. ऊन असं, की एसटीच्या पत्र्याला हात लागला तर कातडी निघावी. अब्बांनी खिशात कांदा ठेवला होता, लू लागू नये म्हणून, आणि माझ्याही ओढणीच्या टोकाला एक बांधला होता. दारव्ह्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी कंडक्टरला सांगितलं, पोट्टी गणिताच्या परीक्षेला चाललीय. मग मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला सांगितलं. आणि यवतमाळ येईपर्यंत गाडीतल्या कोंबड्या सोडून सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी खिडकीबाहेर उन्हानं पांढरी पडलेली, नांगरून ठेवलेली वावरं बघत होते आणि मनात आकडे घालत होते.

लेखी पेपर समोर आला आणि मला हसूच फुटलं. अर्धे प्रश्न नेहमीचे होते, पण उरलेले सगळे “माहिती पुरेशी आहे का?” या जातीचे. आजूबाजूच्या मुली पेन्सिल चावत होत्या. महागावची एक मुलगी पर्यवेक्षकांना विचारत होती, क्ष किती आहे ते कुठे लिहिलंय? मी डोकं खाली घातलं ते घंटा होईपर्यंत वर केलं नाही. प्रत्येक उत्तराला मी आधी माझं म्हणणं मांडायची आणि मग कमल व्हायची. काही मोडली, काही उभी राहिली.

तोंडी परीक्षेला नागपूरच्या एक प्राध्यापक बाई होत्या. पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलण्यात उगाच गोडवा नाही. समोर माझा पेपर. मला वाटलं होतं घराविषयी वगैरे विचारतील. त्यांनी थेट एका प्रश्नावर बोट ठेवलं.

“वाच.”

मी वाचला. “क्ष हा यपेक्षा मोठा आहे का? पहिली माहिती: क्षचा वर्ग यच्या वर्गापेक्षा मोठा आहे. दुसरी माहिती: क्षचा घन यच्या घनापेक्षा मोठा आहे.”

“तू काय लिहिलंस?”

“पहिली अपुरी, दुसरी एकटीच पुरेशी.”

“पहिली अपुरी का?”

“तीन आणि दोन घातले तर उत्तर ‘हो’ येतं. उणे तीन आणि दोन घातले तर वर्ग नऊ आणि चारच, माहिती खरी राहते, पण उणे तीन दोनपेक्षा लहान. उत्तर ‘नाही’. एकाच माहितीतून दोन उत्तरं.”

“बरोबर. आता दुसरी.” त्यांनी पेपर माझ्याकडे फिरवला. कोपऱ्यात माझे कच्चे आकडे होते. “तीन आणि दोन. दोन आणि उणे तीन. उणे दोन आणि उणे तीन. अर्धा आणि एक-तृतीयांश. चारही वेळा ‘हो’ आलं, म्हणून तू पुरेशी लिहिलंस. होय ना?”

“हो, बाई.”

“आणि पाचव्या जोडीला मोडलं तर?”

“नाही मोडणार.”

“का नाही?”

मोडायला एक जोडी पुरते, हे मला पक्कं माहीत होतं. पण न मोडण्याला किती जोड्या पुरतात? कापसाच्या ढिगावर ते सोपं होतं: कमल दमली की उत्तर उभं राहिलं. इथे बाई दमलेल्या दिसत नव्हत्या. पंखा डोक्यावर घरघरत होता, अगदी मोसमाच्या आरंभी जिन घरघरतं तसा, आणि दाराबाहेर अब्बा शिपायाला काहीतरी सांगत होते ते मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं.

मग मला कमलचं बोलणं आठवलं. ती काय म्हणाली असती? ती या उत्तराला मोडायला निघाली असती तर कुठे गेली असती?

“बाई, मी फळ्यावर जाऊ?”

त्यांनी खडू पुढे केला. मी एक आडवी रेघ ओढली, मध्ये शून्य लिहिलं. “समजा कुणाला माझं उत्तर मोडायचंय,” मी म्हणाले. “त्याला अशी जोडी आणावी लागेल की क्षचा घन मोठा आहे, पण क्ष स्वतः यपेक्षा मोठा नाही. म्हणजे क्ष एक तर यच्या बरोबर, नाही तर लहान. बरोबर असेल तर घनही बरोबर, ते गेलं. आता क्ष लहान. तो मोडणारा कुठे कुठे जाईल? दोघं शून्याच्या उजवीकडे असतील. मग लहान संख्या तीनदा गुणली आणि मोठी तीनदा गुणली, तर गुणाकार लहानाचा लहानच राहणार, मग ते अपूर्णांक असोत की काही असोत. तिथे नाही मोडत.”

“पुढे.”

“दोघं डावीकडे असतील. तर लहान जो, तो शून्यापासून जास्त लांब. घन घेतला तरी तो जास्तच लांब राहतो, आणि घन ऋणच असल्यामुळे राहतो डावीकडेच. म्हणजे लहान तो लहानच. तिथेही नाही मोडत. आता उरलं एकच: शून्य मध्ये, क्ष डावीकडे आणि य उजवीकडे, किंवा एखादा शून्यावरच. घन कुणाची बाजू बदलत नाही. डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे, शून्य जागच्या जागी. वर्ग बाजू बदलतो, म्हणून पहिली माहिती फसवते. घन फसवत नाही.” मी खडू खाली ठेवला. “मोडणाऱ्याला जायला जागाच उरत नाही, बाई. म्हणून पाचवी जोडी नाही मोडणार. कुठलीच नाही मोडणार.”

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. “हे पेपरात का लिहिलं नाहीस?”

“पेपरात पुरेशी का अपुरी एवढंच विचारलं होतं.”

त्या हसल्या. त्यांचं हसणं इतकं अनपेक्षित होतं की मीही हसले. “आकडे घालून पाहायला कुणी शिकवलं?”

“मानकर सरांनी. आणि मोडायला कमलनं.”

“कमल कोण?”

“माझी मैत्रीण. तिचं लग्न आहे.”

बाईंनी माझा पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “बाहेर बस.”

खोटं कशाला सांगू, मी बाहेर बसले तेव्हा मला ठाऊक होतं, जागा माझी. काळजी नव्हती. मी पुढे आयुष्यभर गणित शिकवलं, मोठमोठ्या लोकांसमोर फळ्यावर उभी राहिले, पण त्या दुपारी ती तिसरी बाजू बंद केल्यावर अंगातून जे गेलं, तसं फार थोड्या वेळा गेलं. आपण म्हणतोय ते खरं आहे, आणि ते आता कुणाच्याही मर्जीवर अवलंबून नाही, असं ते वाटणं. घरात सगळ्यात धाकट्या आवाजाच्या माणसालाही ते मिळू शकतं, म्हणून मला गणित आवडलं.

संध्याकाळी बाई स्वतः व्हरांड्यात आल्या आणि अब्बांना म्हणाल्या, “जागा तुमच्या मुलीची. वसतिगृहासाठी तुमची संमती हवी. आजच हवी, मी उद्या सकाळी नागपूरला जाते.”

अब्बा उभे राहिले. इतका वेळ कॉलेजच्या आवाराला ऐकू येईल असं बोलणारा माणूस एकदम हळू बोलला. “बाईसाहेब, घरी विचारून सांगतलं तर?”

“तर जागा दुसरीची.”

अब्बांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. वसतिगृहाचं फाटक केव्हा बंद होतं? स्वयंपाक कोण करते? रोजे असले तर पोरीला पहाटे सहरीला काही खायला मिळेल का? आजारी पडली तर निरोप कसा येईल? ईदला घरी सोडतील का? बाईंनी एकाही प्रश्नाला टाळलं नाही. सहरीचं त्यांना माहीत नव्हतं, तर त्यांनी स्वयंपाकीण बाईला बोलावून तिथल्या तिथे विचारलं. ती म्हणाली, मी पहाटेच उठतो, पोरीले गरम भाकर देईन.

मग अब्बा माझ्याकडे वळले. “रशू, तुले यायचं हाय?”

मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. “हाय, अब्बा.”

“अन् पुसदचं?”

“मले थांबता येते. त्याइले थांबता येत असंन तर थांबतीन.”

अब्बांनी सही केली. उर्दूत केली, मोठ्या अक्षरात, आणि बाईंना म्हणाले, “घरी गेल्यावर माह्यं काय होईन, थे अल्लालेच मालूम.”

काय झालं ते सांगते. घरी पोचल्यावर अब्बा अंगणातूनच ओरडले, “पोट्टीनं जागा आणली!” गल्लीतले लोक गोळा झाले, सायकलवाल्यानं पेढे आणले, मानकर सर धावत आले. अम्मी पडद्यामागे उभी होती. तिनं काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ती धुणं धूत होती, तांदूळ निवडत होती, आणि अब्बा तिच्या मागे मागे फिरून अंगात नसलेल्या हळू आवाजात तिला सहरीच्या गरम भाकरीचं सांगत होते. मी एकदाच तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, “तठी बाई होती म्हनते. शिकवनारी.”

“हो अम्मी. प्राध्यापक आहे. नागपूरची.”

“तिनं तुले काय विचारलं?”

“विचारलं, तू म्हनते ते खरं कशावरून.”

“मंग?”

“मी दाखवलं.”

अम्मी पुन्हा तांदूळ निवडू लागली.

ठरल्या दिवशी पुसदची मंडळी आली. मुलाची फुफी, आई, एक मामू. अम्मीनं सकाळपासून दालचा केला होता, भोपळा आणि मटण घालून, आणि खुशबूचा भात. तिनं त्यांना पोटभर वाढलं. आग्रह करकरून वाढलं. मामूंनी तीनदा नको म्हणून चौथ्यांदा घेतलं. मी आतल्या खोलीत बसून प्रत्येक वाटीचा आवाज ऐकत होते. पान-सुपारी झाली आणि फुफीनं सुरुवात केली, तारखेची. तेव्हा अम्मी बायकांच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. ती नेहमीसारखंच बोलली, हळू. फुफीला मान पुढे करावी लागली.

“पोट्टी सध्या रिकामी नाई,” अम्मी म्हणाली. “तिले यवतमाळले शिकाले जायचं हाय.”

“शिकाले?” फुफी म्हणाली. “अवं, मॅट्रिक झाली ना? आता अजून काय शिकते? वय जाईन, हातची जाईन पोट्टी. मंग रडसान.”

“जाईन का नाई, थे आत्ता कोन सांगते?” अम्मी म्हणाली. “तुमचा पोरगा चांगला हाय. थांबत असंन तर थांबू द्या. नसंन थांबत तर त्याले चांगली बायको भेटो. मी दुवा करीन.”

मंडळी काही रागावून गेली नाहीत. इतका दालचा खाल्ल्यावर माणसाला रागावता येत नाही. मुलगा थांबला नाही. पुढच्या हिवाळ्यातच त्याचं उमरखेडला लग्न झालं आणि माझ्या कानावर आलं तेवढ्यावरून ते सुखाचं झालं.

पाहुण्यांची गाडी गल्लीच्या टोकाला वळली, तशी अम्मी आत आली. तिनं भलं मोठं पातेलं चुलीवरून उतरवलं, माझ्यासमोर ठेवलं आणि आम्हा दोघींसाठी एकच ताट घेतलं. आम्ही जेवायला लागलो. अब्बा दारात उभे होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि त्यांची हिंमत होत नव्हती.

“हॉस्टेलमंदी दालचा करते का?” अम्मीनं विचारलं.

“नसंन करत, अम्मी.”

तिनं पातेलं तिरपं केलं आणि तळाशी राहिलेलं सगळं माझ्या बाजूला ओतलं.

“मंग खाय,” ती म्हणाली.